पक्केकाकांनी शिवलेला अंबाडा

त्या पत्राला पक्केकाकांनी उत्तर दिलं नाही, याला आता एकोणीस वर्षं होत आली.

म्हणजे द्यायचं नव्हतं असं नाही. उत्तरं त्यांनी सात लिहिली! पहिलं फार तिखट झालं, दुसरं फार लाचार झालं, तिसऱ्यात उगाचच हवापाणी आलं, आणि सातव्यात तर 'आदरणीय' लिहावं की 'माननीय' या विचारात ते तीन आठवडे अडकून पडले. शेवटी ते सगळे कागद त्यांनी एकत्र शिवले, वर पुठ्ठा घातला आणि त्यांची एक सुरेख वही करून टाकली. तेवढं त्यांना येत होतं.

पत्र एका शाळेच्या ग्रंथपालबाईंचं होतं. पक्केकाकांना ते तोंडपाठ होतं:

'स. न. वि. वि. आपण बांधून दिलेला शब्दकोश मिळाला. बांधणी अतिशय मजबूत आहे. परवा तो जिन्यावरून खाली पडला. त्याला काहीही झालं नाही, जिन्याच्या दोन फरशा बदलाव्या लागल्या. अडचण एवढीच, की कोश मधोमध उघडत नाही. त्यामुळे 'प'पासून 'म'पर्यंतचे शब्द आमच्या शाळेत कुणालाच पाहता येत नाहीत. दोन शिक्षकांनी दोन बाजूंनी ओढून धरलं, तर 'फ' थोडा दिसतो. काय करावं, हे कृपया कळवावं.'

काय करावं, हे पक्केकाकांना ठाऊक होतं की नव्हतं, हे सांगणं कठीण आहे. एक्केचाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली. बाकी सगळ्या जगाबद्दल त्यांना शंका होती. कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून पाहत. दुकानात मीठ मागतानासुद्धा आधी माफी मागत. पण हातात सुई-दोरा आला की हाच माणूस ताठ बसे आणि काम संपल्यावर एकच शब्द बोले, "पक्कं!" त्यावरून त्यांचं नाव पडलं. आयुष्यात त्यांनी एकच बढाई मारली, पण ती रोज मारली: "माझं बांधलेलं सुटत नाही!"

आणि त्या बाईंनी बरोबर तिथंच बोट ठेवलं होतं. पत्र हत्यारांच्या पिशवीत, आतल्या कप्प्यात गेलं आणि तिथंच राहिलं.

आता नातीचं सांगतो.

नात म्हणजे पक्केकाकांच्या लेकीची लेक. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. भिंगरीचे केस कमरेपर्यंत, काळेभोर, आणि इतके गुळगुळीत, की त्यात खोचलेली पिन घसरगुंडीवरून उतरावी तशी खाली यायची. शाळेत असताना तिच्या रिबिनी घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर सापडत. पोस्टमन रोज एखादी आणून देई. अशा डोक्यावर लग्नाच्या दिवशी अंबाडा घालायचा आणि तो दिवसभर टिकवायचा, असं भिंगरीच्या आईनं ठरवलं होतं!

कार्यक्रम साधा होता. सकाळी दहाला नोंदणी अधिकारी हॉलवर येणार, सह्या होणार. मग फोटो, जेवण, नाच. सहा वाजता नवरा-नवरी मोटारसायकलवर बसून धक्क्यावर जाणार आणि सातची बोट पकडून बेटावर पोचणार. धक्क्याकडचा जुना पूल फक्त दुचाकींना खुला होता; चारचाकीनं वळसा घालून जायचं तर दीड तास. आणि बोट आठवड्यातून एकदाच! ती चुकली तर पुढचे आठ दिवस नव्या जोडप्यानं राहायचं कुठं? कारण त्यांच्या घराचं प्लंबिंग अजून चालू होतं. तर राहायचं नवऱ्या मुलाच्या आत्याकडे. ही आत्या माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायची आणि घरातल्या सगळ्यांना पहाटे पाचला उठवून व्यायाम करायला लावायची.

"आईशप्पथ सांगतो," नवरदेव भिंगरीला म्हणाला होता, "काहीही चुकलं तरी चालेल, बोट नाही चुकली पाहिजे!"

लग्नाच्या दिवशी सकाळी आठला पार्लरताई हॉलवर हजर झाल्या. बरोबर दोन पेट्या. एकीत आकडे, पिना, जाळ्या, कंगवे. दुसरीत नुसते स्प्रेचे डबे. चेहऱ्यावर असा आत्मविश्वास, की किल्ला जिंकायला आलेला सेनापतीही त्यांना आधी वाट देईल.

"टिकेल ना हो दिवसभर?" भिंगरीच्या आईनं विचारलं.

"टिकेल ना म्हणजे? अहो, मी घातलेला अंबाडा घेऊन एक नवरी जिन्यावरून गडगडत खाली आली. तिचा हात मोडला. अंबाड्याची एक बट हलली नाही!"

पाऊण तास काम चाललं. पिळे झाले, वेटोळी झाली, आकड्यांवर आकडे गेले. शेवटी पार्लरताई दोन पावलं मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "बघा!"

सगळ्यांनी बघितलं. अंबाडा खरंच देखणा होता.

मग भिंगरी शिंकली.

टप्! टप्! टपटपटप्! गारा पडाव्यात तशा पिना फरशीवर पडल्या. एक भिंगरीच्या आईच्या चहात पडली. केस पाठीवरून धबधब्यासारखे उतरले आणि काही झालंच नाही अशा थाटात कमरेशी येऊन थांबले.

"शिंकायचं नाही," पार्लरताई म्हणाल्या.

दुसरा अंबाडा वीस मिनिटांत झाला. या वेळी भिंगरी शिंकली नाही. पण आई चहातून चिमटीनं पिन काढत होती, ते आरशात बघून तिला हसू आलं. टप्! टप्! टपटपटप्!

"हसायचंही नाही!"

"ताई, लग्न आहे माझं!"

घड्याळात सव्वानऊ झाले होते. भिंगरीची आई खुर्चीत मटकन बसली. "आता काय टोपी घालू का हिला?"

हे सगळं चाललं असताना खोलीच्या कोपऱ्यात पक्केकाका एका वहीवर वाकून बसले होते. पाहुण्यांनी शुभेच्छा लिहायची ती वही. नातीला हाच त्यांचा आहेर. महिनाभर खपून त्यांनी ती बांधली होती, आणि तरी सकाळी मनात शंका आली म्हणून हत्यारांची पिशवी घेऊनच हॉलवर आले होते. पाठीवर खळीचा एक शेवटचा हात फिरवायला. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेली, पुठ्ठा चिकटवायची.

भिंगरीला ते आरशात दिसले.

"आजोबा."

"अं? मी काही बोललो नाही."

"आजोबा, तुम्ही शिवा."

"काय शिवू?"

"केस."

पक्केकाकांच्या हातातला ब्रश थांबला. "बाळा, मी पुस्तकं शिवतो."

"मग मी पुस्तक आहे असं समजा. थोडं जाड आहे."

"अगं, पण…"

"आजोबा, सगळ्या जगात तुमचंच एक बांधलेलं सुटत नाही. मी तुमच्यावर सोडते."

पक्केकाकांवर गेल्या कित्येक वर्षांत कुणी काही सोडलं नव्हतं. सोडलंच तर दार उघडून पार्सल घेणं किंवा गॅसवरच्या दुधाकडे बघणं. ते उठले. चष्मा पुसला. नातीच्या मागं जाऊन उभे राहिले आणि तिच्या केसांकडे त्यांनी असं पाहिलं, जसं ते सुट्या झालेल्या जुन्या ग्रंथाकडे पाहत.

"आठ भाग करावे लागतील," ते म्हणाले. आवाज एकदम वेगळा होता.

"शिवणार?" पार्लरताईंनी छातीवर हात ठेवला. "केस? दाभणानं?"

"दाभण नाही. बोथट सुई. दोऱ्याला मेण लावलेलं आहे."

"मी बाहेर चहा घेते. मला हे बघवणार नाही!" त्या तरातरा निघून गेल्या. भिंगरीची आई दाराशी पहारा द्यायला गेली.

पक्केकाकांनी केसांचे आठ भाग केले. प्रत्येकाची घडी घातली, टाळूवर घडीवर घडी ठेवली आणि पहिल्या घडीत सुई घातली. आत, बाहेर, मागच्या टाक्याला अडकवून पुन्हा आत. जुजबंदी! पुस्तकाचे सुटे भाग एकमेकांना शिवण्याची हीच रीत. दोरा एकदा असा गुंतला की माणूस हलेल, पान हलणार नाही. मधूनच त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खूण केली आणि पेन्सिल कुठं ठेवली ते विसरले. शेवटी गाठ मारली आणि ती आत दडवली, कारण गाठ दिसणं म्हणजे कच्चं काम. आणि हात चालतच राहिले म्हणून सवयीनं एक लाल फीतही शिवून टाकली. वाचनखुणेची!

"पक्कं!" ते म्हणाले.

भिंगरीनं मान हलवली. झटकली. उडी मारली. अंबाडा जागच्या जागी!

"आजोबा, तुम्ही ग्रेट आहात! आता मी डोळे मिटते, काजळ सुकायचंय."

तिनं डोळे मिटले, आणि पक्केकाकांच्या मनात कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून पाहणारा माणूस जागा झाला. आपण बांधतो ते कागदावर. कागद धरून ठेवतो. केस गुळगुळीत आहेत. नाचताना सुटला तर? सगळ्यांसमोर? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खळीत ब्रश बुडवला आणि अंबाड्यावरून एक हात फिरवला. मग दुसरा.

"आजोबा, गार काय लागलं?"

"काही नाही. माझा हात."

आयुष्यात ते फार खोटं बोलले नव्हते, त्यामुळे कान लाल झाले. ब्रश धुवायला ते बाहेर पडले.

तेवढ्यात चहा संपवून पार्लरताई आत आल्या. अंबाडा त्यांनी चारही बाजूंनी पाहिला. एवढा सुबक! पण शिवलेलं ते शिवलेलं. म्हाताऱ्याचा काय भरवसा? सुटला तर नाव कुणाचं जाणार? त्यांनी सात-आठ आकडे खोचले, स्प्रेचा डबा उचलला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

"ताई, गार काय लागलं?"

"काही नाही गं. वारा."

डबा रिकामा झाला तेव्हाच त्यांनी हात खाली घेतला.

आणि दोघांपैकी कुणीही कुणाला काही सांगितलं नाही!

त्या दिवशी अंबाड्यानं जे नाव कमावलं, ते नवरदेवालाही कमावता आलं नाही. सह्या झाल्या, अंबाडा ठाम! फोटोवाल्यानं दोन मोठे दिवे लावले, त्यांच्या उष्णतेनं अंबाडा आणखी वाळला आणि असा चकाकायला लागला, की फोटोवाला म्हणाला, "मान जरा तिरकी करा, उजेड परत येतोय!" दिव्याचा स्टँड कलंडून थेट अंबाड्यावर पडला. स्टँडला पोचा आला!

नवरदेवाची आत्या चमचा घेऊन पुढं आली आणि तिनं अंबाड्यावर दोनदा वाजवलं. टक! टक!

"आत कुणी आहे का?"

सगळा हॉल हसला. मग लहानमोठ्यांची रांगच लागली. जो तो येऊन टकटक करून जाई. तीन मुलींनी पार्लरताईंना विचारलं, "ती लाल फीत कसली हो?"

"नवी फॅशन आहे," पार्लरताई म्हणाल्या. "माझीच."

पक्केकाका भिंतीपाशी हात मागं बांधून उभे होते. लोक येऊन त्यांचं अभिनंदन करत होते आणि ते प्रत्येकाला "नाही नाही, कसचं कसचं" म्हणत होते. पण भिंतीपासून थोडे पुढं सरकले होते. दोन मुलींच्या आया त्यांना पुढच्या तारखा विचारून गेल्या. कुणी तरी 'कलाकार' म्हणालं. जेवणात त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, हे त्यांच्या लेकीनं बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

एकच गोष्ट जरा खटकत होती. दाराजवळच्या टेबलावर त्यांची वही ठेवली होती, आणि तिथं पाहुण्यांचे गट जमले होते. एक जण डावी बाजू धरी, दुसरा उजवी बाजू धरी, तिसरा घाईघाईनं लिही. एका काकांनी शुभेच्छा लिहिता लिहिता विचार करायला थोडा वेळ घेतला, धरणाऱ्याचा हात सुटला, फट्! वही मिटली आणि काकांचं पेन आत राहिलं.

"पेन द्या माझं!"

"वहीला सांगा!"

पक्केकाकांनी तिकडे पाठ केली.

"किती दिवस टिकेल हो हा?" आत्यानं त्यांना गाठून विचारलं.

दिवसभराच्या कौतुकानं पक्केकाका हवेत होते. "दिवस? वीस वर्षं टिकेल!"

"वीस वर्षं!" आत्या म्हणाली. "मग पोरीनं डोकं कधी धुवायचं?"

पक्केकाका पुन्हा भिंतीला टेकले.

पाच वाजता भिंगरी कपडे बदलायला खोलीत गेली. पार्लरताई अंबाडा सोडायला बसल्या. त्यांनी एक आकडा धरून ओढला. आकडा आला नाही, भिंगरी आली. त्यांनी कंगवा घातला. कडकन कंगव्याचा दात तुटला आणि आरशावर जाऊन आपटला.

"काका!" पार्लरताई ओरडल्या. "हे काय लावलंय तुम्ही?"

पक्केकाका दारातच उभे होते. "काही नाही. म्हणजे… थोडी खळ. पातळ होती."

"खळ!"

"तुम्ही काही लावलं नाही ना?"

पार्लरताई खिडकीबाहेर बघू लागल्या. "मी थोडा स्प्रे."

"थोडा म्हणजे?"

"डबा."

भिंगरीनं अंबाड्यावर बोटानं टकटक केलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या डोक्यावर पुठ्ठा तयार झालाय?"

"पुठ्ठा नाही," पक्केकाका प्रामाणिकपणे म्हणाले. "पुठ्ठा वाकतो."

तेवढ्यात नवरदेव दोन हेल्मेट घेऊन हसत आत आला. "चला! साडेपाच होत आले!" त्यानं लाडानं एक हेल्मेट भिंगरीच्या डोक्यावर ठेवलं. हेल्मेट अंबाड्यावर बसलं आणि तिथंच राहिलं, खांबावर उलटी घागर ठेवावी तसं. खाली भिंगरीचा अख्खा चेहरा मोकळा.

"जरा दाब ना," तो म्हणाला.

"दाबतेय!"

त्यानं दाबलं. भिंगरीच्या आईनं दाबलं. आत्यानं आत येऊन दोन्ही हातांनी दाबलं. भिंगरी खुर्चीसकट खाली गेली, हेल्मेट होतं तिथंच!

"जाऊ दे गं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "माझी मागची खोली तयारच आहे! आठ दिवस काय, महिनाभर राहा! सकाळी पाचला सगळे मिळून उठाबशा काढू!"

नवरदेव पांढराफटक पडला. "काही तरी करा," तो म्हणाला. "कुणीतरी काही तरी करा!"

पार्लरताईंनी पेटीतून कात्री काढली. आवाजात आता सेनापती उरला नव्हता. "एकच मार्ग आहे. मुळापासून कापावं लागेल."

भिंगरी जन्मात पहिल्यांदा एका जागी बसून होती. तिनं फक्त आरशात पाहिलं, आणि तिथं तिला मागं उभे असलेले आजोबा दिसले. तिच्या डोळ्यांत राग असता तर पक्केकाकांनी माफी मागून सुटका करून घेतली असती. पण राग नव्हता. सकाळी होता तोच भरवसा होता, फक्त जरा ओला.

"थांबा," पक्केकाका म्हणाले.

इतक्या मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. त्यांचे तेच दचकले.

"गरम पाणी लागेल. पातेलंभर. आणि टॉवेल. सगळे टॉवेल." त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. "जुनं पुस्तक उघडायचं असलं की पाठीवर गरम ओलं फडकं ठेवतात. खळ फुगते, सुटते. मग दोरा ओढून घ्यायचा."

"मग हे आधी का नाही सांगितलं, बाबा?" भिंगरीची आई म्हणाली.

"कारण मी दुसऱ्यांनी बांधलेली उघडली आहेत. माझं स्वतःचं कधी उघडलं नाही."

"का?"

"कुणी म्हणालंच नाही उघडायला." ते थांबले. "म्हणजे एक जणी म्हणाली होती."

आणि पिशवीतून पडलेल्या सामानात एक पिवळा पडलेला कागद नेमका भिंगरीच्या मांडीवर आला होता.

पाणी आलं. पक्केकाकांनी टॉवेल बुडवून, पिळून अंबाड्यावर गुंडाळला. मग दुसरा. आता वीस मिनिटं थांबणं एवढंच काम होतं. डोक्यावर वाफाळता डोंगर घेऊन भिंगरीनं पत्र उघडलं आणि वाचायला लागली. वाचता वाचता तिचे खांदे हलू लागले.

"हलू नकोस," पक्केकाका म्हणाले.

"आजोबा! 'फ थोडा दिसतो'!"

"हो."

"जिन्याच्या फरशा बदलल्या!"

"हो गं. माहीत आहे मला."

"आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

पक्केकाकांनी टॉवेल बदलला. बराच वेळ घेऊन बदलला.

"आजोबा? एकोणीस वर्षं?"

"काय लिहिणार? चूक माझी होती. मला वाटायचं, सैल बांधलं तर लोक म्हणतील, याला काम येत नाही. म्हणून एक टाका जास्त. मग आणखी एक. मग खळ." त्यांनी अंबाड्याकडे पाहिलं. "पुस्तक उघडण्यासाठी असतं, हे मला काय कळत नव्हतं? पण सुटण्याची भीती जास्त होती."

"मग 'चूक माझी होती' एवढंच लिहायचं."

"एवढंच?"

"मग किती?"

"मी सात कागद भरले होते, बाळा."

भिंगरी हसली. "एक सांगू? त्या शब्दकोशाला काय वाटत असेल, ते मला आत्ता अगदी नीट कळतंय."

सहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी टॉवेल काढला. अंबाडा मऊ झाला होता, मळलेल्या पिठासारखा. पार्लरताईंनी आकडे काढायला सुरुवात केली; एकेक आकडा सुळकन यायला लागला. पण दोरा? दोऱ्याचं टोक कुठंच दिसेना. गाठ अशी दडवली होती, की दडवणाऱ्यालाच सापडेना!

"डावीकडे असेल," नवरदेव म्हणाला.

"खाली बघा," आत्या म्हणाली. तिला आता बोटीपेक्षा गाठीत जास्त रस वाटू लागला होता.

सहा दहा. सहा बारा. पक्केकाकांची बोटं केसांतून पुन्हा पुन्हा फिरत होती. कात्री टेबलावर पडली होती आणि सगळे जण तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. मग पक्केकाकांनी डोळे मिटले. बघून सापडत नव्हतं ते हाताला ठाऊक होतं. एक्केचाळीस वर्षांत गाठ मारून झाली की हात पुढं कुठं जात असे?

"फीत!" ते ओरडले.

लाल फितीच्या मुळाशी त्यांनी नख घातलं. गाठ तिथं होती. टोकदार पट्टीनं त्यांनी ती उचलली, कात्रीनं फक्त तेवढी गाठ तोडली आणि दोरा धरून हळूच ओढला. दोरा येत राहिला, येत राहिला, तीन हात लांब. आणि मग पहिली बट गळून खांद्यावर आली. दुसरी आली. मग सगळेच आले! केसांबरोबर पेन्सिलीचा तुकडा खाली पडला, मग एक छोटा कंगवा पडला.

"अय्या, माझा कंगवा!" पार्लरताई म्हणाल्या. "सकाळपासून शोधतेय!"

भिंगरी उठली. ओले केस तिनं दोन्ही हातांनी मागं टाकले, हेल्मेट चढवलं, खटकन पट्टा लावला आणि जाता जाता आजोबांच्या गालावर लाडानं डोक्याचा एक ठोसा दिला. हेल्मेटसकट.

"उत्तर टाका!" ती दारातून ओरडली. "मी आल्यावर विचारणार आहे!"

सात वाजून दहा मिनिटांनी भिंगरीच्या आईचा फोन वाजला. फोनमधून बोटीच्या भोंग्याचा आवाज येत होता. बोट मिळाली होती. दोर सोडत होते तेव्हा दोघं उडी मारून चढले होते. "आणि आजोबांना सांग," भिंगरी म्हणाली, "हा म्हणतोय, माझ्या केसांना पुस्तकांच्या दुकानाचा वास येतोय. छान म्हणतोय!"

आत्या तेवढी हिरमुसली होती. तिनं मागच्या खोलीच्या किल्ल्या पुन्हा पर्समध्ये टाकल्या आणि पार्लरताईंना म्हणाली, "तुम्ही येता का व्यायामाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्केकाकांनी आधी पाहुण्यांची वही घेतली. पाठीवर गरम फडकं ठेवलं, तीन टाके सोडले. वही आपोआप उघडली आणि टेबलावर सपाट पडून राहिली, दमलेलं माणूस गादीवर पडावं तशी. आतून ते पेन निघालं. काकांनी अर्धवट टाकलेलं वाक्यही तिथंच होतं: 'तुम्हा दोघांचा संसार असाच'. पुढं काही नव्हतं. पक्केकाकांना ते पुरेसं वाटलं.

मग त्यांनी कागद घेतला. 'आदरणीय' की 'माननीय', यात त्यांची पाच मिनिटं गेली. एकोणीस वर्षांच्या मानानं फार नाहीत. शेवटी 'बाई' एवढंच लिहिलं. खाली लिहिलं: 'आपलं म्हणणं बरोबर होतं. बांधणी घट्ट झाली, ही माझी चूक. कोश पाठवा. मोकळा करून देतो. 'प'पासून 'म'पर्यंत.' पाकिटात घातलं, खळीचा ब्रश घेतला आणि पाकीट चारही बाजूंनी चिकटवलं. वरून हात फिरवला. मग दुसरा.

लेक चहा घेऊन आली. पाकीट उचलून तिनं उलटसुलट करून पाहिलं.

"बाबा, हे त्या बाई उघडणार कशा?"

पक्केकाकांनी पाकीट तिच्या हातून घेतलं. कान लाल झाले. मग ते उठले, कपाटातून एक साधं पोस्टकार्ड काढलं, चार ओळी पुन्हा लिहिल्या आणि चप्पल घालून बाहेर पडले.

कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकल्यावर ते निघाले. दहा पावलांवरून परत आले. पेटीचं झाकण दोनदा ओढून पाहिलं.

"जरा घट्टच आहे," ते पुटपुटले आणि घरी गेले.